कोवळ्या खांद्यावरचे जू

वाचकहो, खोंड जुवाला कधी आणि कसा धरायचा, हे तुम्हांला सांगायला नको. आधी वेसण, मग नुसते मोकळे जू, मग रिकामी गाडी, मग हलकी कुळवणी. नांगर सगळ्यांत शेवटी. जोडीला एखादा जुना, समजूतदार बैल द्यायचा. तो वाट दाखवतो, खोंड त्याच्या पावलावर पाऊल टाकतो, आणि हंगाम सरता सरता खोंडाचा बैल होतो.

पण वेळ अशीही येते, की दावणीचे मोठे बैल एकाएकी जातात, मृगाचा पाऊस पडून गेलेला असतो आणि वाफसा काही कोणासाठी थांबत नाही. घरातही असेच घडते. कर्ता माणूस अचानक जातो, नाही तर भाऊबंदकीत घर फुटते, आणि कालपर्यंत दप्तर घेऊन एस. टी.ने शाळेला जाणाऱ्या पोराच्या हातात सातबारा, सोसायटीचे कर्ज आणि बहिणीचे लग्न येऊन पडते. गावोगाव अशी पोरे आहेत. तुमच्या शेजारी असेल. कदाचित तुमच्याच घरात असेल.

आज ज्याची हकीकत सांगायची आहे तो आपल्या देशाचा नव्हे, आणि रानात वाढलेलाही नव्हे. आफ्रिका खंडातल्या झिंबाब्वे देशाचा तो क्रिकेटपटू. नाव तातेंदा तैबू. यष्टिरक्षक होता, आणि एकविसावा वाढदिवस आठ दिवसांवर असताना आपल्या देशाच्या कसोटी संघाचा कर्णधार झाला. त्याआधी जगात कोणीही इतक्या लहान वयात कसोटी कर्णधार झालेला नव्हता. हा मान त्याला कसा मिळाला आणि त्याची काय किंमत त्याने मोजली, हे ऐकण्यासारखे आहे. घरात क्रिकेट कोणी पाहत नसले तरी ऐका. गोष्ट क्रिकेटची कमी आणि घराची जास्त आहे.

यष्टीमागचा माणूस

आधी यष्टिरक्षकाचे काम काय, ते थोडक्यात पाहू. पोरे ज्याला विकेटकीपर म्हणतात तो हाच. फलंदाजाच्या पाठीमागे, तीन दांड्यांच्या मागे तो बसतो. कसोटी सामना पाच दिवसांचा. दिवसाला ९० षटके ठरलेली, षटकात ६ चेंडू, म्हणजे दिवसभर क्षेत्ररक्षण असेल तर ५४० वेळा खाली उकिडवे बसायचे आणि ५४० वेळा उठायचे. खुरपणीला दिवसभर उकिडवे बसणाऱ्या आमच्या मायबहिणींना हे कष्ट वेगळे समजावून द्यायला नकोत. त्यात हातात जाड मोजे, पायांना पॅड, डोक्यावर ऊन, आणि प्रत्येक चेंडूवर नजर. वेगवान गोलंदाज असला तर मागे जाऊन उभे राहायचे. फिरकी गोलंदाज आला की दांड्यांना खेटून बसायचे, कारण फलंदाजाने पाय रेषेबाहेर टाकला की डोळ्याचे पाते लवायच्या आत दांडी उडवायची असते.

या कामाची गंमत अशी, की दिवसभर सगळे चेंडू नीट धरले तर कोणी नाव काढत नाही. एक झेल सुटला की गावभर चर्चा. चूल सांभाळणाऱ्या बाईसारखेच हे काम. रोज भाकरी नीट झाली तर कोणी बोलत नाही, एक दिवस करपली की सगळे बोलतात.

या कामावर पुन्हा कर्णधारपद आले, म्हणजे गोलंदाज कोण, क्षेत्ररक्षक कुठे, नाणेफेक जिंकली तर काय करायचे, हे सगळे त्याच डोक्यावर. शिवाय आपली पाळी आली की फलंदाजीही करायची. अनुभवी माणसे सुद्धा हे तिहेरी ओझे नको म्हणतात. तैबूने ते विसाव्या वर्षी उचलले.

हायफील्डचा पोरगा

तातेंदा तैबूचा जन्म १४ मे १९८३ चा, हरारे शहरातला. तिकडच्या शोना भाषेत ‘तातेंदा’ म्हणजे ‘आम्ही आभारी आहोत’. हरारेला गोऱ्यांच्या अमदानीत सॉल्सबरी म्हणत. त्या शहराच्या कडेला हायफील्ड नावाची काळ्या कामगारांची वस्ती आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीची बरीच खलबते याच वस्तीत झाली. देश स्वतंत्र झाला तो १८ एप्रिल १९८० रोजी. तैबू म्हणजे स्वतंत्र झिंबाब्वेत जन्मलेल्या पहिल्या पिढीचा मुलगा.

क्रिकेट हा तिथे गोऱ्यांचा खेळ होता. मैदाने त्यांच्या शाळांत, त्यांच्या क्लबांत. वस्तीतली पोरे फुटबॉल खेळत. १९९२ साली झिंबाब्वेला कसोटीचा दर्जा मिळाला, आणि त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांचा पहिला कसोटी सामना हरारेला झाला तो भारताशीच. पुढे तिथल्या क्रिकेट मंडळाने खेळ वस्त्यांतल्या शाळांत नेला, चांगल्या पोरांना शिष्यवृत्त्या देऊन मोठ्या शाळांत घातले. तैबू असाच चर्चिल शाळेत गेला. त्याच्याबरोबर त्याच वस्तीतली आणखी काही पोरे होती. त्यांतल्या हॅमिल्टन मसाकाद्झाने तर २००१ साली, वयाची अठरा वर्षे पुरी व्हायच्या आत, पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजविरुद्ध शतक ठोकले.

तैबू अंगाने लहानखुरा, उंची जेमतेम साडेपाच फूट. पण हात चपळ आणि जीभही चपळ. यष्टीमागून सतत बोलत राहून तो साऱ्या संघाला जागे ठेवी. सोळाव्या वर्षीच, २००० साली, त्याला वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर नेले ते अँडी फ्लॉवरच्या हाताखाली शिकायला. फ्लॉवर म्हणजे झिंबाब्वेचा सर्वांत मोठा फलंदाज, आणि तोही यष्टिरक्षकच. आपल्या विदर्भातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, नोव्हेंबर २००० मध्ये नागपूरच्या कसोटीत याच फ्लॉवरने भारताविरुद्ध नाबाद २३२ धावा केल्या होत्या. म्हणजे खोंडाच्या जोडीला बैल मिळाला होता तो खिल्लारीच म्हणायचा.

जुलै २००१ मध्ये फ्लॉवर जखमी झाला, तेव्हा बुलावायोला अठरा वर्षांच्या तैबूने पहिली कसोटी खेळली. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, न्यूझीलंडमध्ये १९ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. झिंबाब्वेच्या पोरांचा कर्णधार तैबू होता. फलंदाजी केली, यष्टी सांभाळली, गरज पडली तेव्हा मोजे काढून गोलंदाजीही केली, आणि साऱ्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला. इथवर सगळे रीतीप्रमाणे चालले होते. आधी वेसण, मग मोकळे जू, मग रिकामी गाडी.

जमिनीचा प्रश्न मैदानावर आला

आता जे झाले ते समजायला थोडे जमिनीकडे वळावे लागेल, आणि ते तुम्हांला कोणाहीपेक्षा लवकर समजेल.

गोऱ्यांच्या राज्यात १९३० साली तिथे जमीन वाटपाचा कायदा झाला. देशातली मोठी आणि चांगल्या प्रतीची जमीन मूठभर गोऱ्यांकडे आणि हलकी, कमी पावसाची जमीन लाखो काळ्या लोकांकडे, अशी वाटणी कागदावर पक्की झाली. स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षे ही वाटणी फारशी बदलली नाही. गोऱ्यांचे मोठमोठे मळे होते. मका, तंबाखू, गुरे असा पसारा होता. ज्याच्या वाडवडिलांची जमीन गेली, त्याची ती परत मागण्याची मागणी अन्यायाची नव्हती. पण २००० सालापासून ती ज्या घाईने आणि जबरदस्तीने पुरी केली गेली, त्यात मळेवाले तर उठलेच, मळ्यांवर राबणारे हजारो मजूरही उघड्यावर आले. धान्याचे उत्पन्न घसरले, महागाई भडकली, आणि २००९ मध्ये तर देशाला आपले चलनच सोडून द्यावे लागले.

गोऱ्या क्रिकेटपटूंपैकी कितीतरी जण याच मळेवाल्या घरांतले होते. २००३ साली विश्वचषकाचे काही सामने झिंबाब्वेत होते. १० फेब्रुवारीला हरारेत अँडी फ्लॉवर हा गोरा खेळाडू आणि हेन्री ओलोंगा हा काळा खेळाडू, दोघेही दंडाला काळी फीत बांधून मैदानात उतरले. देशातल्या लोकशाहीच्या मरणाचा शोक आम्ही पाळतो आहोत, असे त्यांनी जाहीर केले. त्या स्पर्धेनंतर दोघांनाही देशासाठी पुन्हा खेळता आले नाही. तैबूचा जोडीचा बैल असा गेला. यष्टीमागची जागा आता कायमची त्याची झाली, आणि त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्याला उपकर्णधार केले.

कर्णधार होता हीथ स्ट्रीक. मळेवाल्या घरातला, बुलावायोकडचा, संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज. २००४ च्या एप्रिलमध्ये संघनिवडीच्या पद्धतीवरून त्याचे आणि मंडळाचे बिनसले. स्ट्रीकचे कर्णधारपद गेले, आणि त्याच्या बाजूने पंधरा गोरे खेळाडू संघाबाहेर जाऊन बसले. त्यांचे म्हणणे, निवड खेळावरून होत नाही. मंडळाचे म्हणणे, काळ्या पोरांना संधी द्यायलाच हवी. कोणाचे किती खरे, हा वाद तिकडे आजही मिटलेला नाही. पण एक गोष्ट नक्की. भांडण मोठ्यांचे होते आणि दावण रिकामी झाली होती. उरलेल्यांत अनुभवी म्हणावा असा होता वीस वर्षांचा तैबू. जू त्याच्या खांद्यावर आले.

वीस वर्षे, ३५८ दिवस

पहिल्याच महिन्यात श्रीलंकेचा बलाढ्य संघ दारात उभा. २५ एप्रिल २००४ रोजी हरारेच्या एकदिवसीय सामन्यात झिंबाब्वेची पोरे अवघ्या ३५ धावांत सर्वबाद झाली. एकदिवसीय क्रिकेटमधली ती तोपर्यंतची सर्वांत कमी धावसंख्या. पुढे २०२० साली अमेरिकेच्या संघाने तिची बरोबरी केली, तोवर ती एकट्या झिंबाब्वेच्या नावावर होती.

६ मे २००४ रोजी कसोटी सुरू झाली. त्या दिवशी तैबूचे वय २० वर्षे ३५८ दिवस. तोवरचा सर्वांत लहान कसोटी कर्णधार. सामना एक डाव आणि २४० धावांनी गेला. त्यातच श्रीलंकेच्या मुरलीधरनने ५२० वा बळी घेऊन कर्टनी वॉल्शचा जागतिक विक्रम मोडला. श्रीलंकेच्या डावात आपले गोलंदाज थकलेले पाहून तैबूने पॅड सोडले, मोजे दुसऱ्याला दिले आणि स्वतः गोलंदाजी केली. सनथ जयसूर्या शतक करून खेळत होता. त्याला तैबूनेच बाद केले. कारकिर्दीत त्याचा कसोटीतला तेवढा एकच बळी. कर्णधाराने गाडी चिखलात रुतल्यावर स्वतः चाकाला खांदा लावावा, तसे हे झाले.

दुसरी कसोटी बुलावायोची. श्रीलंकेने ३ गडी गमावून ७१३ धावा केल्या आणि सामना एक डाव आणि २५४ धावांनी जिंकला. पुढे ऑस्ट्रेलियाबरोबरच्या कसोट्या रद्द झाल्या आणि झिंबाब्वेने उरलेले वर्षभर कसोटी खेळू नये असे ठरले. पेपरांत टीका झाली, चेष्टा झाली. ती सगळी त्या पोराच्या नावावर जमा होत गेली.

पतौडींना जे मिळाले

तैबूने ज्यांचा विक्रम मोडला ते आपलेच मन्सूर अली खान पतौडी. मार्च १९६२, वेस्ट इंडीजचा दौरा. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला, कवटीला इजा झाली, आणि ते पुन्हा कधी कसोटी खेळले नाहीत. पतौडींच्या गळ्यात कर्णधारपद पडले तेव्हा त्यांचे वय २१ वर्षे ७७ दिवस. तेही अपघातानेच. आदल्याच वर्षी मोटार अपघातात त्यांचा एक डोळा अधू झालेला. कर्णधार म्हणून पहिल्या तिन्ही कसोट्या ते हरले. ती मालिका भारताने पाचही सामने हरून गमावली.

आकडे पाहिले तर पतौडींची सुरुवात आणि तैबूची सुरुवात यांत फार अंतर नाही. अंतर पडले ते पुढे. पतौडींच्या बाजूला त्या दौऱ्यावर पॉली उम्रीगर, विजय मांजरेकर, चंदू बोर्डे असे मुरलेले खेळाडू होते. घर दुःखात होते, पण घर फुटलेले नव्हते. आणि त्यांना वेळ मिळाला. पुढे ते तब्बल ४० कसोट्यांत कर्णधार राहिले, ९ जिंकल्या, आणि १९६८ साली न्यूझीलंडमध्ये भारताला परदेशातला पहिला मालिका विजय मिळवून दिला. पहिल्या तीन हरल्यावर त्यांना कोणी मोडीत काढले असते, तर हे कसे घडले असते?

तैबूला १० कसोट्या मिळाल्या. नऊ गेल्या, एक बरोबरीत सुटली.

ढाक्याचा सामना

ती एक बरोबरीत सुटलेली कसोटी मात्र लक्षात ठेवण्याजोगी. जानेवारी २००५, बांगलादेश. पहिला सामना चितगावला झाला, आणि बांगलादेशाने कसोटीतला आपला पहिलावहिला विजय मिळवला. ज्यांनी कधी कोणाला हरवले नव्हते त्यांनी आपल्याला हरवले, याहून मोठी नामुष्की कर्णधाराला दुसरी नाही.

आठवडाभरात ढाक्याला दुसरा सामना. पहिल्या डावात तैबू शेवटपर्यंत उभा राहिला, नाबाद ८५. दुसऱ्या डावात झिंबाब्वेच्या २८६ धावा झाल्या, त्यांतल्या १५३ एकट्या तैबूच्या. निम्म्याहून अधिक. त्याचे कसोटीतले ते एकमेव शतक. सामना काही जिंकता आला नाही, बांगलादेशाने शेवटचा दिवस खेळून काढला. पण डोके खाली घालून बसायचे त्या आठवड्यात हा पोरगा सर्वांत ताठ उभा राहिला.

आणखी एक गोष्ट त्याच वर्षी घडली. मार्च २००५ मध्ये हीथ स्ट्रीक संघात परतला. ज्याच्या जागेवर तैबूला बसवले होते, तोच मोठा खेळाडू तैबूच्या हाताखाली खेळला. दोघांनीही मान आडवा येऊ दिला नाही. सप्टेंबरात सौरव गांगुलीचा भारतीय संघ झिंबाब्वेला गेला तेव्हा दोघे एकाच संघात होते. स्ट्रीक पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये, पन्नाशीच्या आत, आजाराने वारला. भाऊबंदकी झालेल्या घरात धाकट्याच्या शब्दाला मोठ्याने मान द्यावा, हे किती कठीण असते ते आपण जाणतो. म्हणून स्ट्रीकचेही नाव इथे आदराने घ्यायला हवे.

खांदेसूज

बैलाच्या खांद्याला जू घासून घासून सूज येते, जखम होते. जाणता शेतकरी काय करतो? जू काढतो, औषध लावतो, बैलाला गोठ्यात बसवतो. पेरणी लांबली तरी चालेल म्हणतो. अडाणी मात्र वरून आसूड ओढतो.

२००५ च्या अखेरीस झिंबाब्वेचे खेळाडू आणि मंडळ यांच्यात पुन्हा भडका उडाला. पैसे वेळेवर मिळत नाहीत, कारभार नीट नाही, अशा तक्रारी होत्या. कर्णधार म्हणून तैबूने खेळाडूंची बाजू मांडली. गप्प बसला असता तर खुर्ची टिकली असती. पण तो बोलला. त्यानंतर आपल्याला आणि आपल्या कुटुंबाला धमक्या आल्या असे त्याने सांगितले, आणि नोव्हेंबर २००५ मध्ये कर्णधारपद व देशाचा संघ दोन्ही सोडले. वय अवघे बावीस. बायकोला घेऊन तो देशाबाहेर पडला. बांगलादेश, मग दक्षिण आफ्रिका, असा कामासाठी हिंडत राहिला. दुष्काळात पोट बांधून मुंबई-पुण्याची वाट धरणारी माणसे आपण पाहिली आहेत. ही वाट त्याहून वेगळी नव्हती. जानेवारी २००६ मध्ये झिंबाब्वेने कसोटी खेळणेच थांबवले.

दोन वर्षांच्या आत, २००७ साली, तो परत आला. दक्षिण आफ्रिकेकडून खेळण्याचा विचारही त्याने केला होता, पण शेवटी पाय घराकडेच वळले. कर्णधारपद मागितले नाही, मागचा हिशेब काढला नाही. आल्याबरोबर ऑगस्टमध्ये हरारेला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच नाबाद १०७ धावा केल्या. २००८ मध्ये आपल्याकडे आयपीएल सुरू झाली तेव्हा कोलकाता संघात तो खेळून गेला.

नागपूरचे ९८

तैबूचा खेळ आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही झाला. २०११ च्या विश्वचषकात २८ फेब्रुवारीला नागपूरजवळच्या जामठा मैदानावर झिंबाब्वे आणि कॅनडा यांचा सामना होता. दोन गडी लवकर गेले. मग तैबू आणि क्रेग अर्विन यांनी डाव सावरला. अर्विनच्या ८५, तैबूच्या ९८. संघाच्या २९८ धावा झाल्या आणि कॅनडाचा डाव १२३ वर आटोपला. १७५ धावांनी विजय. त्या दिवशी कर्णधार होता एल्टन चिगुंबुरा, २००४ च्या त्या हलाखीत तैबूच्या हाताखाली मैदानात उतरलेल्या पोरांतलाच एक. ज्या शहरात अँडी फ्लॉवरने द्विशतक केले, त्याच शहरात त्याच्या शागिर्दाचे शतक दोन धावांनी हुकले. पण सामना जिंकला होता, आणि कर्णधाराच्या खुर्चीवर दुसरा कोणी असताना तैबू आपले काम करून शांतपणे बाजूला झाला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हरारेला झिंबाब्वे जवळजवळ सहा वर्षांनी पुन्हा कसोटीत उतरला. समोर बांगलादेशच. सामन्याच्या आधी तैबूने मंडळाच्या कारभारावर पुन्हा उघड टीका केली, आणि मग मैदानात उतरून खेळला. झिंबाब्वेने १३० धावांनी विजय मिळवला. ढाक्याला हातून निसटलेला विजय असा सहा वर्षांनी घरी आला.

जुलै २०१२ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, आपल्याला आता चर्चचे काम करायचे आहे असे सांगून तो निवृत्त झाला. २८ कसोट्यांत १५४६ धावा आणि यष्टीमागे ६२ बळी. १५० एकदिवसीय सामन्यांत ३३९३ धावा. २०१६ मध्ये मंडळाने त्याला निवड समितीचे काम दिले, २०१८ मध्ये पुढच्या विश्वचषकाची पात्रता हुकली तेव्हा तेही गेले. मग त्याने पोरे शिकवायला घेतली. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पापुआ न्यू गिनी या दूरच्या बेटावरच्या संघाचा तो प्रशिक्षक होता. आणि त्याचा वयाचा विक्रम? तो सप्टेंबर २०१९ मध्ये अफगाणिस्तानच्या रशीद खानने आठ दिवसांच्या फरकाने मोडला. रशीदने कर्णधार म्हणून पहिलीच कसोटी जिंकली. त्याच्याभोवती सारा संघ एकजुटीने उभा होता, हेही ध्यानात घ्या.

हिशेब कोणाचा?

वाचकहो, आता तुम्हीच सांगा. दहातल्या नऊ कसोट्या गेल्या, म्हणून हा पोरगा नापास झाला का? आकडे मांडणारा तसेच म्हणेल. पण जू कोणी टाकले, दावण कोणी रिकामी केली, जोडीचे बैल कुठे गेले, हे विचारल्याशिवाय एकट्या खोंडाचा नांगर किती चालला याचा हिशेब मांडणे न्यायाचे नाही.

आपल्या घरात किंवा गावात एखाद्या कोवळ्या पोरावर अशीच वेळ आली असेल, तर तीन गोष्टी करा. पहिली, त्याला जोडीला कोणी तरी द्या. चुलता असो, मामा असो, शेजारचा जाणता म्हातारा असो. सोसायटीत जाताना, तलाठ्याकडे जाताना, बाजारात माल नेताना त्याच्याबरोबर चार पावले चाला. पोरीवर वेळ आली असेल तर तिच्याबरोबरही चाला. दुसरी, पहिल्या हंगामाच्या उताऱ्यावरून त्याची किंमत करू नका. पतौडींना वेळ मिळाला म्हणून पतौडी झाले. तिसरी, आणि सर्वांत मोठी, तो जेव्हा म्हणेल की खांदा दुखतो, तेव्हा ऐका. धाकटा बोलला की त्याला उर्मट म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ती मोडा. तैबू बोलला तेव्हा त्याचे ऐकणारे कोणी घरात नव्हते, म्हणून त्याला उंबरा ओलांडावा लागला. तो परत आला हा त्याचा मोठेपणा. सगळेच परत येत नाहीत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. तूप-हळद लावून, ज्या खांद्याने वर्षभर ओझे ओढले तो हळुवार चोळतो, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतो. मुक्या जनावरासाठी ही रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिली. घरातल्या ज्या पोराने कमी वयात ओझे उचलले, त्याच्या खांद्यावर शेवटचा हात तुम्ही कधी ठेवला होता?